मुलांचे अपेंडिक्स : खर्च शस्त्रक्रियेचा किती आणि उशिराचा किती?

मुलाचे पोट दुखणे ही घरोघरची तक्रार आहे. जंत, अपचन, बद्धकोष्ठता, लघवीतील जंतुसंसर्ग अशी त्याची अनेक कारणे असतात आणि बहुतेक दुखणी साध्या औषधाने एक-दोन दिवसांत थांबतात. अपेंडिक्सची पोटदुखी नेमकी याच गर्दीत लपून बसते. निदान झाले की पालक मला पहिला प्रश्न विचारतात, "मूल बरे होईल ना?" दुसरा प्रश्न जरा हळू आवाजात येतो, "डॉक्टरसाहेब, खर्च किती येईल?" हा प्रश्न विचारण्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही. आजच्या लेखात त्याचाच विचार करू.

अपेंडिक्स म्हणजे काय?

लहान आतडे जेथे मोठ्या आतड्याला मिळते, तेथे करंगळीसारखी एक बारीक नळी लोंबत असते. तिला आंत्रपुच्छ किंवा अपेंडिक्स म्हणतात. ही नळी एका टोकाला बंद असते. तिचे तोंड घट्ट मळाच्या खड्याने किंवा सुजेमुळे बंद झाले की आत जंतू वाढतात, नळी सुजते, तिचा रक्तपुरवठा कमी होतो आणि शेवटी ती फुटते. मग पू पोटात पसरतो. पेरूच्या किंवा टोमॅटोच्या बिया खाल्ल्याने अपेंडिक्स होते, ही समजूत मनातून काढून टाकावी.

हा आजार कोणत्याही वयात होतो, पण शाळकरी व किशोरवयीन मुलांत तो अधिक दिसतो. अपेंडिक्स काढण्याची पहिली ज्ञात शस्त्रक्रियासुद्धा लंडनमध्ये १७३५ साली क्लॉडियस अम्यांड या सर्जनने एका ११ वर्षांच्या मुलावरच केली होती. भूल देण्याची विद्या त्या काळी नव्हती. आपल्याकडची प्रसिद्ध शस्त्रक्रिया पुण्याच्या ससून रुग्णालयातली. येरवड्याच्या तुरुंगात असलेल्या महात्मा गांधींवर १२ जानेवारी १९२४ च्या रात्री कर्नल मॅडॉक यांनी ती केली. मध्येच वीज गेली आणि कंदिलाच्या उजेडात काम पुरे करावे लागले. तेव्हा पेनिसिलिनचाही शोध लागलेला नव्हता. तरीही सकाळची वाट पाहिली गेली नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

दुखणे कसे ओळखावे?

सुरुवातीला दुखणे बेंबीच्या आसपास असते. काही तासांनी ते पोटाच्या उजव्या बाजूला खाली सरकते आणि तेथेच राहते. भूक मरते. दुखणे सुरू झाल्यावर एक-दोन उलट्या होतात. बारीक ताप येतो. मूल कमरेत वाकून चालते, खोकताना पोट धरते. त्याला एका पायावर उडी मारायला सांगितले तर ते नको म्हणते. गाडी खड्ड्यातून गेली तरी ते कळवळते.

पाच वर्षांखालील मुलांना दुखणे नीट सांगता येत नाही. ती नुसती किरकिर करतात, पाय पोटाशी घेऊन पडून राहतात. त्यामुळे या वयात निदान होईपर्यंत अपेंडिक्स फुटलेले असण्याचे प्रमाण बरेच असते. आणखी एक गोष्ट. मुलग्याच्या पोटात खाली दुखत असेल तर वृषणाची गोटी पिळवटलेली नाही ना, हे डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. मुलींमध्ये बीजकोशाला पीळ पडूनही असेच दुखते. हे दोन्ही आजारही तातडीचेच असतात.

घरी काय करू नये?

बेंबी सरकली म्हणून पोट चोळून घेणे, एरंडेल किंवा जुलाबाचे औषध देणे, एनिमा देणे, पोट शेकणे हे प्रकार टाळावेत. मेडिकलच्या दुकानातून पोटदुखीची गोळी आणून दर चार तासांनी देत राहणेही धोक्याचे आहे. दुखणे थांबले म्हणजे आजार गेला असे नाही. कधी कधी खूप दुखून एकदम आराम पडतो आणि घरचे निश्चिंत होतात. तो आराम अपेंडिक्स फुटल्याचा असू शकतो. पुढच्या काही तासांत ताप चढतो आणि सारे पोट लाकडासारखे कडक होते.

खर्चाचा हिशेब

रुपयांचे आकडे गावागणिक आणि दवाखान्यागणिक बदलतात. म्हणून मी हिशेब दिवसांत मांडतो.

अपेंडिक्स फुटण्याआधी शस्त्रक्रिया झाली तर मूल साधारण एक ते तीन दिवस रुग्णालयात राहते. आठवडाभरात ते शाळेत जाऊ शकते. धावपळीचे खेळ मात्र डॉक्टर सांगतील तेव्हाच.

अपेंडिक्स फुटल्यावर तेच मूल पाच ते दहा दिवस, कधी त्याहून जास्त दिवस रुग्णालयात राहते. शिरेतून प्रतिजैविके द्यावी लागतात. पोटात पू साचला तर तो काढावा लागतो, पुन्हा सोनोग्राफी करावी लागते. जखम चिघळू शकते. आतडी एकमेकांना चिकटून पुढे कधी तरी आतड्याला अडथळा होण्याचा धोकाही उरतो.

बिलात न दिसणारा खर्च वेगळाच असतो. आई मुलाजवळ बसते, तिची रोजंदारी बुडते. वडिलांची मजुरी बुडते किंवा ऊस तोडायच्या टोळीतून त्यांना मागे राहावे लागते. घरची जनावरे शेजाऱ्यांवर टाकावी लागतात. करमाळ्याहून सोलापूर शंभर किलोमीटरहून लांब. येण्याजाण्याचे भाडे आणि सोबतच्या दोन माणसांचे जेवण यांची बेरीज कुणी करत नाही. शस्त्रक्रियेच्या भीतीने दोन दिवस घरी काढणारे कुटुंब पैसे वाचवत नसते. ते साध्या आजाराचे मोठ्या आजारात रूपांतर होऊ देत असते. या आजारात सर्वांत महाग गोष्ट उशीर ही आहे.

शस्त्रक्रिया की नुसती औषधे?

"टाके न घालता औषधानेच बरे होत नाही का?" असे पुष्कळ पालक विचारतात. या प्रश्नावर अलीकडे मोठे अभ्यास झाले आहेत. पाच देशांतील ९३६ मुलांचा एक अभ्यास २०२५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. न फुटलेले अपेंडिक्स असलेल्या ५ ते १६ वर्षांच्या मुलांपैकी निम्म्यांना प्रतिजैविके दिली आणि निम्म्यांवर शस्त्रक्रिया केली. वर्षभरात औषधांच्या गटातील १०० पैकी ३४ मुलांत तो उपाय अपुरा ठरला. शस्त्रक्रियेच्या गटात हे प्रमाण १०० मागे ७ होते. औषधे घेतलेली मुले मात्र नेहमीच्या कामाला लवकर लागली. दोन्ही गटांत एकही मूल दगावले नाही.

अमेरिकेत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात मुलाचे किती दिवस वाया गेले हे मोजले होते. औषधे घेणाऱ्यांचे वर्षभरात सरासरी ६.६ दिवस गेले, तर शस्त्रक्रिया झालेल्यांचे १०.९ दिवस. मुलाला चालताना दुखते का, झोप लागते का, भीती वाटते का, मित्रांत मिसळता येते का, शाळेत लक्ष लागते का, अशा प्रश्नांवरून त्याच्या जगण्याचा दर्जाही मोजतात. पहिल्या महिन्यात औषधे घेणारी मुले या मोजणीत थोडी पुढे होती. वर्षानंतर दोन्ही गट सारखे झाले.

याचा अर्थ असा की औषधोपचार हा काही मुलांसाठी खरा पर्याय आहे. पण तो रुग्णालयात दाखल करून, सर्जनच्या देखरेखीखाली, सोनोग्राफीत अपेंडिक्स फुटलेले नाही व आत खडा नाही हे पाहूनच द्यायचा असतो. घरी गोळ्या घेणे म्हणजे हा उपचार नव्हे. शिवाय दर तिघांतील एकाला पुढे शस्त्रक्रिया लागू शकते. ज्याचे घर रुग्णालयाजवळ आहे त्याने हा धोका पत्करणे वेगळे आणि रात्री वाहन न मिळणाऱ्या वस्तीवरच्या कुटुंबाने पत्करणे वेगळे. शस्त्रक्रियेने हा प्रश्न बहुधा कायमचा मिटतो. आपले अंतर, सोय आणि पुन्हा दुखण्याची धास्ती सोसण्याची तयारी हे सारे सर्जनपुढे मोकळेपणाने मांडावे आणि मग ठरवावे.

पैशांची सोय

सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार नि:शुल्क आहेत. करमाळ्याचे उपजिल्हा रुग्णालय आधी गाठावे. पुढे पाठवायचे असल्यास १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मागावी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा मूळ आरंभ २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत झाला, त्यांत आपला सोलापूर जिल्हा होता. मोठ्या रुग्णालयात गेल्यावर आधी आरोग्यमित्राला भेटावे. हे रुग्णालय योजनेत आहे का, मुलाची शस्त्रक्रिया त्यात बसते का, हे विचारावे. शिधापत्रिका आणि मुलाचे व पालकांचे आधार कार्ड सोबत न्यावे. कागद सापडत नाहीत म्हणून मात्र निघायचे थांबू नये. घरातील एकाने कागद घेऊन मागून यावे.

थोडक्यात लक्षात ठेवा

१) पोटदुखी सहा तासांत ओसरली नाही, किंवा ती उजवीकडे खाली सरकली, तर रात्र असली तरी मुलाला डॉक्टरांना दाखवा.
२) जुलाबाचे औषध देऊ नका, पोट चोळू नका.
३) डॉक्टर तपासेपर्यंत मुलाला जेवू घालू नका.
४) पहिल्या तपासणीत निदान पक्के झाले नाही तर सांगितलेल्या वेळी पुन्हा दाखवा. या आजारात दुसरी तपासणी फार मोलाची असते.
५) खर्चाची चिंता डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा, पण ती रुग्णालयात पोहोचल्यावर. घरी बसून केलेल्या चिंतेत मुलाचे तास जातात.