उपवास आणि साखरेचा तोल

एकादशी आली की आपण उपवास धरतो. पोटात अन्न नसलं की रक्तातली साखर उतरू लागते. तेव्हा स्वादुपिंड ग्लुकागॉन हे हार्मोन सोडतं आणि यकृत साठवलेली साखर परत देतं. जेवल्यावर तेच स्वादुपिंड इन्सुलिन सोडून वाढलेली साखर खाली आणतं.

पण आपल्यापैकी जे इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या घेतात, त्यांचं पोट रिकामं असलं तरी औषध काम करतच राहतं. साखर ७० च्या खाली गेली की घाम, थरथर, धडधड सुरू होते. तेव्हा उपवास मोडेल म्हणून थांबू नये. लगेच ३-४ लहान चमचे साखर पाण्यातून घ्यावी. उपवास धरण्याआधी डॉक्टरांना विचारून डोस ठरवावा.

देह सांभाळणं हीसुद्धा साधनाच.