अर्ज जळगावचा की धुळ्याचा?

प्रश्न : आम्ही पारोळ्याचे. मुलगा धुळ्याला मामाकडे राहून बारावी करतोय. अग्निवीर भरतीचा अर्ज कुठून भरावा? – एक पालक

उत्तर : अर्ज ऑनलाइनच असतो, पण जिल्हा जपून निवडा. जळगाव छत्रपती संभाजीनगरच्या सैन्य भरती कार्यालयाकडे येतो, धुळे मुंबईच्या. रहिवासी दाखला पारोळ्याचा असेल तर अर्ज जळगावचाच. आधार आणि दहावीच्या प्रमाणपत्रावरचं नाव, जन्मतारीख तंतोतंत जुळू द्या.

2023 पासून आधी लेखी परीक्षा, मग मैदान. आपल्याकडची पोरं पहाटे जीव तोडून धावतात आणि गणित-विज्ञानाची पुस्तकं उघडत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. 1.6 किलोमीटर साडेपाच मिनिटांत आणि 10 पुलअप्स काढले की मैदानाचे पूर्ण 100 गुण. पण तिथे बोलावणं लेखीतूनच येतं. जनरल ड्यूटीसाठी दहावीला एकूण 45 टक्के आणि प्रत्येक विषयात 33 हवेत. सपाट तळवे, गुडघे, रंगदृष्टी आत्ताच डॉक्टरांकडून तपासून घ्या.

‘काम करून देतो’ म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. आणि बारावी मात्र पूर्ण होऊ द्या. चार वर्षांनंतर जास्तीत जास्त 25 टक्के अग्निवीरच कायम होतात.