बाटलीत असते तरी काय? सलाईनच्या प्रकारांची ओळख

मागील वर्षी गणेशोत्सवात आमच्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी आरतीनंतर भेटावयास आली. बारावीला जीवशास्त्र घेऊन तिने पुढे नर्सिंगला प्रवेश घेतला आहे. पहिल्याच चाचणीत शिरेतून द्यावयाच्या द्रवांच्या धड्यावर ती नापास झाली होती. "सर, सगळे इंग्रजीतून आहे. आई म्हणते, जमत नसेल तर सोडून दे," असे सांगताना तिचे डोळे भरून आले.

आम्ही स्वतः हिंदी माध्यमातून पदवी घेतली, त्यामुळे ही अडचण आम्हांस नवी नाही. आम्ही तिला एवढेच विचारले, "कैरीच्या फोडींना मीठ लावून रात्रभर ठेवले तर सकाळी काय दिसते?" ती लगेच म्हणाली, "पाणी सुटलेले असते." म्हणजे धडा तिला येतच होता, अडले होते ते नाव. तिला त्या दिवशी जे सांगितले, तेच सर्वांसाठी येथे देत आहोत.

कैरीला पाणी सुटते आणि मनुका पाण्यात टाकली की फुगते, या दोन्हींमागे एकच क्रिया आहे. तिला परासरण म्हणतात. पातळ पडद्याच्या ज्या बाजूला विरघळलेले पदार्थ जास्त, त्या बाजूला पाणी जाते. आपल्या रक्तातील तांबड्या पेशी अशाच पडद्याच्या पिशव्या आहेत. भोवतालचा द्रव रक्ताइतकाच तीव्र असला तर पेशी जशीच्या तशी राहते. असा द्रव समपरासारी. तो सौम्य असला तर पाणी आत शिरून पेशी फुगते, फुटूही शकते. असा द्रव अवपरासारी. तो जास्त तीव्र असला तर पेशीतील पाणी बाहेर येऊन ती आकसते. असा द्रव अतिपरासारी. एवढे पक्के झाले की बाटल्यांची नावे आपोआप लक्षात राहतात.

नॉर्मल सलाईन (एन.एस.) : एक लिटर पाण्यात 9 ग्रॅम मीठ, म्हणजे 0.9 टक्के. हा समपरासारी द्रव आहे. उलट्या, रक्तस्राव, शरीरातील पाणी कमी होणे अशा वेळी वापरतात. रक्त चढविताना त्याच नळीतून द्यावयाचा द्रव हाच.

रिंगर लॅक्टेट (आर.एल.) : यात सोडियम व क्लोराइडसोबत थोडे पोटॅशियम, कॅल्शियम आणि लॅक्टेट असते, म्हणून तो रक्तद्रवाच्या अधिक जवळचा. इंग्लंडचे सिडनी रिंगर यांनी 1880 च्या दशकात बेडकाच्या हृदयावर प्रयोग करून कॅल्शियमचे महत्त्व दाखविले. पुढे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ अ‍ॅलेक्सिस हार्टमन यांनी त्यात लॅक्टेटची भर घातली. जुलाब, भाजणे, शस्त्रक्रिया यांत हा उपयोगी. मात्र त्यातील कॅल्शियममुळे रक्ताच्या पिशवीसोबत एकाच नळीतून तो देत नाहीत.

डेक्स्ट्रोज 5 टक्के : एका लिटरमध्ये 50 ग्रॅम साखर. येथे विद्यार्थी हमखास फसतात. बाटलीत हा द्रव जवळपास समपरासारी असतो. पण शरीरात गेल्यावर पेशी साखर वापरून टाकतात आणि उरते ते नुसते पाणी. म्हणून तो शरीरात अवपरासारी द्रवासारखा वागतो. रक्तस्रावाच्या रुग्णास तो देऊन रक्तदाब सावरत नाही, कारण पाणी सर्व पेशींत पसरते. मेंदूला सूज असेल तर तो घातक ठरू शकतो.

डी.एन.एस. : नॉर्मल सलाईन आणि 5 टक्के डेक्स्ट्रोज एकत्र. बाटलीत अतिपरासारी; साखर वापरली गेल्यावर नॉर्मल सलाईनसारखा.

अर्धे सलाईन, 0.45 टक्के : अवपरासारी. पेशींतील पाणी कमी झाले असता देतात.

तीन टक्के सलाईन : तीव्र अतिपरासारी. मेंदूची सूज किंवा सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरणे, अशा वेळी डॉक्टरांच्या कडक देखरेखीखालीच देतात. सोडियम फार वेगाने वाढविले तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. 0.9 आणि 3 हे आकडे बाटलीवर नीट वाचणे म्हणूनच जिवाचा प्रश्न आहे.

आता थोडे गणित. थेंबांचा दर काढण्याची रीत अशी : द्रवाचे मिलिलिटर गुणिले संचाचे थेंब प्रति मिलिलिटर, भागिले मिनिटे. 500 मि.ली. द्रव 4 तासांत द्यावयाचा आहे आणि संच 20 थेंबांचा आहे. 500 गुणिले 20 म्हणजे 10,000. भागिले 240 मिनिटे. उत्तर मिनिटाला सुमारे 42 थेंब. संच किती थेंबांचा आहे हे वेष्टनावर छापलेले असते, ते आधी पाहावे.

गृहपाठ : बाळाला 60 थेंबांच्या सूक्ष्म संचातून तासाला 30 मि.ली. द्यावयाचे आहे. मिनिटाला किती थेंब? उत्तर काढाल तेव्हा एक सोपी युक्तीही सापडेल.

पालकांसाठी दोन शब्द. आपल्या इंदूरात जरा अशक्तपणा वाटला की "एक बाटली चढवून द्या" असा आग्रह धरला जातो. अर्धा लिटर नॉर्मल सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असते, शक्ती शून्य. अर्धा लिटर डेक्स्ट्रोजमध्ये 25 ग्रॅम साखर, म्हणजे फार तर 100 कॅलरी. तेवढ्या एका केळ्यातून मिळतात. हृदय वा मूत्रपिंडाच्या रुग्णास नको असलेली बाटली अपायही करते. ज्याला तोंडाने पिता येते, त्याने प्यावे. 1971 मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली आणि सलाईनचा साठा संपत आला. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज यांचे पाणी पाजून असंख्य रुग्णांचे प्राण वाचविले. पण रुग्ण बेशुद्ध असेल, उलट्या थांबत नसतील, लघवी बंद झाली असेल, तर घरी न थांबता रुग्णालय गाठावे.

विश्वस्त मंडळास आमची एक विनंती आहे. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत मराठी, हिंदी आणि इंग्रजी शब्दांचा एक मोठा तक्ता लावावा. खर्च किरकोळ आहे. आमच्या मुलींना विषय येत असतो. केवळ शब्द परका वाटतो म्हणून त्या मागे फिरू नयेत.

ती विद्यार्थिनी मागे फिरली नाही. दिवाळीच्या सुट्टीत भेटली तेव्हा तिने आम्हांसच विचारले, "सर, डेक्स्ट्रोज बाटलीत कसा आणि शरीरात कसा, सांगा पाहू?"