बाणाईच्या देवळापाशी

चि. बाळ,


पीएच.डी.ला खंडोबा घेतलास, फार आनंद झाला. पण 'पुस्तकं सगळी जमली, आता दिवाळीच्या सुट्टीत फील्डवर्क उरकते' हे तुझं वाक्य मला दोन दिवस टोचतंय, म्हणून लिहायला बसलो.

गुंथर सोंथायमर यांचं नाव तुझ्या संदर्भांत असेलच. त्यांनी आयुष्य कसं घालवलं, तेही पाहा. १९३४ साली जर्मनीत जन्मलेला हा माणूस मुळात कायद्याचा अभ्यासक. हिंदू एकत्र कुटुंबाच्या कायद्यावर त्यांचा जाडजूड ग्रंथ आहे. हायडेलबर्गला शिकवत राहून धर्मशास्त्राच्या पोथ्यांतच ते सुखाने रमले असते. पण ते मराठी शिकले आणि धनगरांच्या ओव्या ऐकायला माळरानावर येत राहिले. बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा यांच्यावरचं त्यांचं जर्मन पुस्तक १९७६ चं. अ‍ॅन फेल्डहाउस यांनी ते इंग्रजीत आणलं १९८९ मध्ये. १९९२ साली सोंथायमर गेले, तेव्हा साठीही उलटली नव्हती.

त्यांनी देवांच्या कथा पाऊस आणि चारा यांच्याशेजारी ठेवून वाचल्या, हे मला फार मोलाचं वाटतं. पाऊस सरला की माणदेश-फलटणकडचे धनगरांचे वाडे, म्हणजे फिरते तळ, मेंढरं घेऊन पश्चिमेला उतरतात. शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवून घेतो, बदल्यात धान्य किंवा पैसे देतो. मृगाच्या आत परत फिरायचं, कारण कोकण-मावळचा पाऊस मेंढराला सोसत नाही. हे चक्र कळलं की देव एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी भक्तामागे का येतो, ते उमगू लागतं. वन आणि क्षेत्र, म्हणजे रान आणि नांगरट, ही जोडी सोंथायमरांनी त्यातूनच पुढे आणली. हिंदू धर्माचे त्यांनी पाच घटक सांगितले: ब्राह्मणांची परंपरा, संन्यास, आदिवासी धर्म, लोकधर्म आणि भक्ती. पाचही एकमेकांत सतत मिसळणारे. त्यांत वरचा-खालचा असा जिना त्यांनी लावला नाही. तूही लावू नकोस. 'लोकदैवताचं उन्नयन' हा शब्द तुझ्या आराखड्यात चार वेळा आलाय. उन्नयन कोणाच्या नजरेतून, हे आधी स्वतःला विचार.

माझी एक चूक सांगतो. तरुणपणी एका वाड्यावर रात्रभर ओवी ऐकली. गाणं झालं की गायक तोच भाग गद्यात सांगायचा. मला वाटलं, ही पुनरुक्ती. कॅसेट वाचवायला मी तेवढ्यापुरता टेप बंद करत गेलो. घरी येऊन ऐकतो तर गावांची नावं, कुठल्या ओढ्यावर तळ पडला, कोण कोणाचा सोयरा, हे सगळं त्या गद्यातच राहून गेलं होतं. पुढच्या वर्षी गेलो तेव्हा ते म्हातारबाबा नव्हते. अजून त्याची हळहळ वाटते. तू टेप बंद करू नकोस. चहाच्या वेळचं बोलणंसुद्धा राहू दे. गायकाचं नाव मात्र त्याला विचारूनच छाप, आणि छापलेलं पुस्तक त्याच्या हातात नेऊन दे.

कन्नड आणि तेलुगू शिकायला लाग. आपला खंडोबा कर्नाटकात मैलार, तेलंगणात मल्लण्णा. एकाच भाषेत शोधलास तर तिसरा हिस्साच हाती येईल. रा. चिं. ढेऱ्यांचं 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' (१९८४) पुन्हा वाच. पंढरीचा देव समजून घ्यायला ते पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवापर्यंत कसे जातात, पाहा. पोथी आणि पायवाट दोन्हींवर त्यांचा सारखाच विश्वास होता.

वर्षं जातील. मार्गदर्शक घाई करतील, तुझी आई लग्नाचं काढेल. आईशी मी बोलेन. पण एक पूर्ण फेरा, दसऱ्यापासून मृगापर्यंत, एकाच वाड्याबरोबर काढ. त्याआधी लिहायला बसू नकोस.

येत्या सोमवतीला मी जेजुरीला येतोय. खंडोबाची बायको म्हाळसा वर देवाजवळ आणि दुसरी बायको, धनगराची बाणाई, गडाच्या अर्ध्या वाटेवर, हे तू पुस्तकात वाचलंयस. त्या पायऱ्या अजून चढलेली नाहीस. बाणाईच्या देवळापाशी थांब, मला वर यायला वेळ लागतो.

तुझा,
मामा