कापशीची शिकार : एक अवलोकन

आपण महाराष्ट्रात राहत असा, वा इंदूर, दिल्ली, बेंगळुरूकडे. शहराबाहेरील मोकळ्या शेतांवर कापशी आपल्या दृष्टीस पडू शकते. घारीच्या कुळातील हा पक्षी कावळ्याहून लहान. अंग पांढरे-राखी, खांद्यावर काळा डाग, डोळे लालभडक. पहाटे किंवा सांजवेळी ती विजेच्या तारेवर दिसली की तेथेच थांबावे. जवळ जाण्याचा मोह टाळावा.

काही वेळाने ती उडते व पिकावर एकाच जागी पंख फडफडवीत राहते. डोके मात्र स्थिर. मग पाय खाली सोडून, पंख उंचावून ती टप्प्याटप्प्याने उतरते आणि अखेरीस एकदम झेपावते. पुष्कळदा पंजे रिकामेच परततात. काही सापडलेच तर तो बहुधा शेतातला उंदीर! उंदीर वाढले की कापशीची वीणही वाढते.

ईयोबाच्या ३९ व्या अध्यायात देव ससाण्याच्या उड्डाणाविषयी प्रश्न करतो. पुढे गरुडाची पिले रक्त पितात हेही तेथे झाकलेले नाही. आपणही उंदराच्या तडफडीवरून नजर वळवू नये.

मात्र ब्रोमॅडिओलोनसारखे विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. काही दिवस तो सुस्तपणे वावरतो, आणि असाच उंदीर कापशीच्या हाती सहज लागतो. त्याच्या शरीरातील विष मग तिच्या यकृतात साठते. आपल्या शेतात असे आमिष ठेवलेले असेल, तर मेलेले उंदीर रोज शोधून खोल पुरावेत.