खुर्चीसकट माणूस बघ

शाखेत रुजू झालास की पहिल्याच आठवड्यात कुणीतरी तुला चहाला बाहेर नेईल आणि सगळ्या स्टाफची कुंडली मांडेल. कॅशियर खडूस, लोनवाला आतल्या गाठीचा, मॅनेजर वरच्यांना मस्का लावणारा. ऐकून घे, चहाचे पैसे तूच दे, पण मत बनवायची घाई करू नकोस. सांगणाऱ्याचं कुणाकुणाशी वाजलंय, तेवढं मात्र त्यातून कळतं.

कॅशियरचंच घे. महिन्याचा पहिला आठवडा, पेन्शनरांची रांग पार दारापर्यंत, नोटा अर्ध्या मोजून झालेल्या, आणि तू मध्येच काहीतरी विचारायला गेलास तर तो खेकसणारच. कॅश कमी भरली तर त्याच्या खिशाला चाट बसते, तुझ्या नाही. संध्याकाळी कॅश टॅली होऊन तिजोरीला दोघांच्या किल्ल्या लागल्या की मग जा. तेव्हाही खेकसला तर तो खरंच खडूस आहे, असं खुशाल म्हण!

ट्रेनिंग कॉलेजात शिकवलेलं मी बहुतेक विसरले, पण हॅरल्ड केली या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६७ साली मांडलेली एक गोष्ट जन्मभर उपयोगी पडली. कुणाचं वागणं खटकलं की तीन प्रश्न विचारायचे. हा सगळ्यांशीच असा वागतो का? दर वेळी असाच वागतो का? आणि याच्या जागी दुसरा कुणी असता तर तोही असाच वागला असता का? तिसरा प्रश्न आपण हमखास गाळतो.

आमच्या एका शाखेत पासिंग ऑफिसर होते. प्रत्येक व्हाउचर उलटून पालटून बघायचे, सही मूळ नमुन्याशी दोनदोनदा ताडायचे. स्टाफ मागून त्यांना 'सीआयडी' म्हणायचा. मी जरा चौकशी केली, तर त्यांच्या आधी त्या टेबलावर बसणारेही तसेच किचकट. एन्ट्री कुणीही टाकली तरी गडबड निघाल्यावर ती पास कुणी केली हे आधी विचारतात, मग माणूस दुसरं काय करणार? हेच साहेब कँटीनच्या वहीत त्यांच्या नावावर कुणाचे किती चहा मांडलेत ते कधी बघायचेही नाहीत. महिनाअखेरीला पोऱ्या सांगेल तेवढे पैसे काढून द्यायचे. संशय टेबलाचा होता, स्वभाव दिलदार.

आता याचा अर्थ सगळं खुर्चीवरच ढकलायचं, असाही नाही. काही माणसं कुठेही बसवा, तशीच राहतात. ती ओळखायची तर मॅनेजरसमोर कशी वागतात ते बघू नकोस, तिथे सगळेच गुणी. शिपायाला हाक कशी मारतात ते बघ. अंगठा उठवणारी आजी काउंटर बंद व्हायच्या वेळी आली तर काय करतात ते बघ. आणि स्वतःची चूक सापडल्यावर आधी कुणाचं नाव घेतात, हे तर नक्की बघ.

बोलण्यावर फार जाऊ नकोस. रिचर्ड लापिएर नावाचे एक समाजशास्त्रज्ञ एका चिनी जोडप्याला घेऊन अमेरिकाभर हिंडले. अडीचशेच्या वर हॉटेलं-खाणावळी झाल्या, एकाच ठिकाणी नकार मिळाला. नंतर पत्र पाठवून विचारलं, तर उत्तर देणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक जणांनी चिनी गिऱ्हाईक घेणार नाही असं कळवलं. हे त्यांनी १९३४ साली छापलं. आपल्याकडे उलटसुलट दोन्ही सापडतात. मीटिंगमध्ये 'हो सर' म्हणणारा ३१ मार्चला संध्याकाळी गायब, आणि वर्षभर कुरकुरणारी बाई रात्री उशिरापर्यंत बसून क्लोजिंग करून देते.

बदलीवर नवीन आलेल्याचा पहिला महिना तर धरूच नकोस. बिऱ्हाड एका गावी, मुलांची शाळा दुसऱ्या गावी, त्याचं चित्त थाऱ्यावर नसतं.

आणि डबा टेबलावर एकटा खात बसू नकोस, सगळ्यांबरोबर खा. कुणाची आई आजारी आहे, कुणाचं प्रमोशन अडकलंय, सकाळी कोण का तडकलं, सगळं तिथे आपोआप कळतं. तिथलं ऐकलेलं काउंटरवर काढायचं मात्र नाही.