पिशवीच्या दुधाची भीती, साठ हजारांचं पाकीट बिनधास्त

"पिशवीच्या दुधात औषध घालतात, पोटुशीला देऊ नका." उरणच्या माझ्या दवाखान्यात दर आठवड्याला कुणीतरी सासूबाई हे मला ऐकवतातच. ज्या पिशवीवर '+एफ' अशी निळी खूण असते, त्या दुधात अ आणि ड जीवनसत्त्व मिसळलेलं असतं, हे खरं. पण किती? २०१८ च्या सरकारी नियमानुसार लिटरमागे ड जीवनसत्त्व ५ ते ७.५ मायक्रोग्रॅम, म्हणजे २०० ते ३०० युनिट. पेलाभर दुधात जेमतेम ५० ते ७५. गरोदर बाईची रोजची गरज ६०० युनिटची आहे. तेव्हा हे दूध निर्धास्त प्या, उकळूनच प्या.

ज्या घरात या दुधाची धास्ती, त्याच घरात ड जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटची पाकिटं सर्रास सापडतात. करंजाची सहाव्या महिन्यातली एक मुलगी उलट्या थांबेनात म्हणून आली. तहान भागत नव्हती, शौचाला होत नव्हतं. "पोटुशीच्या उलट्या, होतील बऱ्या," असं घरी सगळे म्हणत होते. पर्स उघडायला लावली तेव्हा पाकिटं निघाली. मोबाइलवरच्या कुठल्याशा व्हिडिओत 'बाळाची हाडं मजबूत होतात' असं ऐकून ती रोज एक घेत होती. रक्तातलं कॅल्शियम भलतंच वाढलं होतं. वेळेवर आली, सलाइन लावलं, सावरली. एका पाकिटात दोनशे ते तीनशे लिटर '+एफ' दुधाइतकं ड असतं, हे विकणाऱ्यानं तिला सांगायला नको होतं? डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ते पाकीट घेऊच नका. चिठ्ठी असली तरी आठवड्याला एक आणि किती आठवडे, हे लिहून घ्या.

जास्त ड घेतलं की बाळ गुटगुटीत होतं, हाही भ्रमच. ढाक्यात सुमारे १,३०० गरोदर बायकांवर झालेल्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ड दिल्यानं बाळांची वाढ काही जास्त झाली नाही. म्हणून कमतरता दुर्लक्षित करायची, असं मात्र नाही. आईच्या अंगात ड फारच कमी असेल, तर नवजात बाळाला कॅल्शियम घसरून झटके येऊ शकतात.

आरोग्य केंद्रात चौथ्या महिन्यापासून कॅल्शियमच्या दोन गोळ्या रोज फुकट मिळतात. प्रत्येकीत २५० युनिट ड असतं. "दूध पिते ना, मग गोळ्या कशाला," म्हणून त्या कपाटात ठेवू नका. लोहाच्या गोळीबरोबर एकदम घेऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा. ड साठी बांगडा, तारली मिळाली तर खा. द्रोणागिरीच्या फ्लॅटमध्ये काचेमागे बसून घेतलेलं ऊन मात्र ड च्या हिशोबात धरू नका.

ओठांभोवती, बोटांत मुंग्या, हात वाकडे होऊन आखडणं, उकिडवं बसल्यावर उठता न येणं, असं काही झालं तर त्याच दिवशी दाखवा. डोकं दुखून डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज आली तर १०८ ला फोन करा, ड जीवनसत्त्वाचा विचार नंतर.

बाळंतपणानंतर बाळाला ड चे थेंब रोज ४०० युनिट द्यायचे असतात. प्रत्येक कंपनीच्या बाटलीत थेंबांची ताकद वेगळी असते. शेजारच्या बाळाच्या मापानं देऊ नका, बाटली घेऊन दवाखान्यात या.